शहरातल्या ओढ्याचे आरोग्य पाण्यातल्या किड्यांवरून कसे तपासावे?

सुतारवाडीकर:

नमस्कार. पुण्याच्या पश्चिमेला खाटपेवाडीच्या डोंगरउतारावर उगम पावून भूगाव, बावधन, पाषाण, सुतारवाडी, बाणेर अशी वाट काढत औंधजवळ मुळेला मिळणाऱ्या राम नदीच्या काठी आम्ही राहतो. परिसरातील दहा-बारा जणांचा आमचा गट आहे. आरंभी आम्ही फक्त काठावरचा कचरा उचलत असू; गेल्या वर्षी मात्र वर्गणी काढून एका खासगी प्रयोगशाळेकडून पाण्याचे तीन नमुने तपासून घेतले. अहवाल हाती आला तेव्हा आम्ही चक्रावून गेलो. ज्या ठिकाणी संध्याकाळनंतर दुर्गंधीमुळे खिडक्या लावून घ्याव्या लागतात, त्याच ठिकाणच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास असल्याचे त्यात म्हटले होते. नमुने सकाळी अकराच्या सुमारास घेतले होते. हा अहवाल आम्ही संबंधित कार्यालयात नेला, तेव्हा "प्राणवायू तर उत्तम आहे" एवढ्याच वाक्यावर आमची बोळवण झाली.

त्यानंतर कोणीतरी सुचवले की, पाण्यातल्या अपृष्ठवंशीय प्राण्यांवरून, म्हणजे अळ्या, गोगलगायी, जळवा, कृमी यांच्यावरून, पाण्याची प्रकृती अधिक भरवशाने कळते, कारण हे जीव तिथे महिनोन्महिने राहतात आणि नमुना घेण्याच्या वेळेशी त्यांना देणेघेणे नसते. ही कल्पना मनाला पटली. परंतु आमच्यापैकी कोणीही प्राणिशास्त्र शिकलेले नाही. सूक्ष्मदर्शक नसताना हे काम विश्वासार्ह रीतीने करता येईल का, जाळे कोणते घ्यावे, कोणत्या महिन्यात उतरावे, आणि इंग्लंडमध्ये तयार झालेली गुणांची जी कोष्टके इंटरनेटवर सापडतात ती आपल्या ओढ्यांना जशीच्या तशी लावावीत का, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

खळाळ:

नमस्कार सुतारवाडीकर. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते आणि गेली काही वर्षे विद्यार्थ्यांना घेऊन सह्याद्रीतले आणि शहरातले ओढे पाहते. आपण विचारलेले काम सूक्ष्मदर्शकाविना होऊ शकते. दहापट मोठे दाखवणारे हातभिंग, पांढरा पसरट ट्रे, मऊ कुंचला आणि संयम एवढ्यावर कुळापर्यंतची ओळख बहुतेक वेळा साधते. जातीपर्यंत जाण्याची गरज आपल्या कामाला नाही.

जाळे इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या चौकटीचे, सपाट कड तळावर टेकेल असे असावे आणि त्याची छिद्रे अर्धा मिलिमीटरची असावीत. उथळ, खळाळत्या पाण्यात जाळे प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरायचे, वरच्या अंगाला उभे राहून पायाने तळाचे दगडगोटे ढवळायचे आणि सुटून आलेले जीव प्रवाहाबरोबर जाळ्यात येऊ द्यायचे. प्रत्येक ठिकाणी ढवळण्याची वेळ सारखीच ठेवावी. तीन मिनिटांचा प्रघात बऱ्याच ठिकाणी आहे. ही तीन मिनिटे खळाळ, काठची झाडोऱ्याची मुळे आणि संथ डोह यांत वाटून द्यावीत आणि कशाला किती वेळ दिला हे वहीत लिहावे. नंतर मोठे दगड हाताने उलटून त्यांची खालची बाजू पाहावी, कारण चपट्या अंगाचे कित्येक जीव दगडाला असे चिकटून असतात की ढवळून सुटत नाहीत.

आता ट्रेमध्ये काय पाहायचे ते सांगते. सर्वांत संवेदनशील म्हणून कीटकांचे तीन गण मानले जातात: मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय. मेफ्लायच्या पाण्यातल्या अवस्थेला पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे किंवा पिसांसारखे कल्ले असतात आणि बहुधा तीन शेपट्या असतात. काही प्रकारांत दोनच शेपट्या दिसतात, म्हणून केवळ शेपट्या मोजून निर्णय करू नये. पायाच्या टोकाला एकच नखी आहे का ते भिंगातून पाहावे. स्टोनफ्लायला दोन शेपट्या आणि दोन नख्या असतात. कॅडिसफ्लायच्या काही अळ्या वाळूचे कण किंवा पानांचे तुकडे स्वतःच्या रेशमाने जोडून घर बांधतात आणि ते घर अंगावर घेऊन फिरतात, तर काही दगडांच्या सांदीत जाळी विणून वाहत येणारे अन्न अडवतात. पहिल्यांदा ट्रेमध्ये वाळूची ती इवलीशी नळी चालू लागते, तेव्हा विद्यार्थी लांब जाऊन पुन्हा पुन्हा जवळ येतात. तो क्षण आपल्या गटालाही लाभावा असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या टोकाला तांबड्या अळ्या आहेत. हे कायरोनॉमिड माश्यांचे अपत्य. त्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असल्यामुळे प्राणवायू जवळजवळ संपलेल्या गाळातही त्या तग धरतात. त्यांच्याबरोबर ट्युबिफेक्ससारखे बारीक कृमी गाळातून शेपटाकडचा भाग बाहेर काढून हलवत असतात. याहून वाईट स्थितीत लांब शेपटीसारख्या नळीने पृष्ठभागावरची हवा ओढणारी उंदीरशेपटी अळी दिसते. मैलापाणी सोडलेल्या शहरी ओढ्यात प्राण्यांची संख्या कमी होतेच असे नाही, उलट या दोन-तीन प्रकारांची संख्या कधी कधी हजारांत जाते; कमी होते ते वैविध्य.

कोष्टकांविषयी: बीएमडब्ल्यूपी (बायॉलॉजिकल मॉनिटरिंग वर्किंग पार्टी) ही पद्धत ब्रिटनमध्ये १९७६ साली नेमलेल्या एका कार्यगटातून निघाली. प्रत्येक कुळाला १ ते १० गुण, संवेदनशील कुळाला जास्त. सापडलेल्या कुळांच्या गुणांची बेरीज करायची आणि तिला कुळांच्या संख्येने भागून सरासरी काढायची. सरासरी ६ च्या वर गेली तर पाणी स्वच्छ आणि ४ च्या खाली आली तर प्रदूषण तीव्र, असा ढोबळ अर्थ लावतात. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने याच धर्तीवर निकष तयार केले आहेत. त्यांत ही सरासरी आणि वैविध्याचा गुण असे दोन्ही विचारात घेऊन पाण्याचे 'ए' ते 'ई' असे पाच वर्ग पाडले आहेत आणि प्रत्येक वर्गाला निळ्यापासून लालपर्यंत रंग दिला आहे. वैविध्याचा गुण काढायला प्राण्याचे नावही ठाऊक असावे लागत नाही: ट्रेमधले प्राणी जसे हाती येतील तसे एकामागून एक ओळीत मांडायचे, प्रत्येकाची फक्त आधीच्याशी तुलना करायची, वेगळा दिसला की नवी मालिका सुरू झाली असे मानायचे आणि मालिकांच्या संख्येला एकूण प्राण्यांच्या संख्येने भागायचे. उत्तर १ च्या जवळ असेल तर वैविध्य भरपूर, शून्याजवळ असेल तर एकाच प्रकाराचे राज्य. आपल्या गटाने सुरुवात या गुणापासूनच करावी, असे मी सुचवीन.

जलपरीक्षक:

खळाळताईंनी पद्धत उत्तम सांगितली आहे. मी पाण्याच्या रासायनिक तपासणीत उमेदवारीपासून निवृत्तीपर्यंत काम केले, म्हणून आधी त्या ९ मिलिग्रॅमविषयी लिहितो. २५ अंश सेल्सियसला समुद्रसपाटीवर पाणी लिटरला साधारण ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवू शकते; पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने इथे हा आकडा ८ च्याही खाली येतो. तेव्हा उन्हात अकरा वाजता ९ मिलिग्रॅम भरत असेल, तर ते पाणी क्षमतेहून अधिक प्राणवायू बाळगून आहे, आणि ही किमया मैलापाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसलेल्या शेवाळाची असते. तेच शेवाळ आणि गाळातले जीवाणू रात्रभर प्राणवायू खातात. पहाटे सूर्योदयाआधी त्याच जागी मोजल्यास तो १-२ मिलिग्रॅमवर आलेला आढळणे मुळीच नवलाचे नाही. तुमचा अहवाल खोटा नव्हता, तुमची बोळवण करणाऱ्यांनी त्याचा अर्थ उलटा लावला. मेफ्लायच्या अळीला मात्र अकरा वाजताचा प्राणवायू मिळून भागत नाही, तिला पहाटे चारलाही श्वास घ्यायचा असतो. किड्यांची तपासणी मोलाची आहे ती एवढ्याचसाठी.

गुणांच्या कोष्टकावर मात्र माझा ताईंइतका भरवसा नाही. समजा, बाणेरच्या पुढे तुम्हाला आठ कुळे सापडली: चतुरांचे लिबेल्युलिडी, टाचण्यांचे सीनाग्रिओनिडी, पाण्यावर सरसरणाऱ्या पाणनिवळ्यांचे जेरिडी, पाठीवर पोहणाऱ्या ढेकणांचे नोटोनेक्टिडी, मेफ्लायमधले सर्वांत सोशिक बीटिडी, डावखुऱ्या शंखाच्या गोगलगायींचे फायसिडी, तांबड्या अळ्या आणि कृमी. मूळ ब्रिटिश यादीप्रमाणे गुण अनुक्रमे ८, ६, ५, ५, ४, ३, २ आणि १, बेरीज ३४, सरासरी ४.२५. प्रदूषण मध्यम, असा निष्कर्ष निघेल. आता पाहा: पाणनिवळ्या पाण्यात राहतच नाहीत, त्या पाण्याच्या पृष्ठावर चालतात, पाठपोहे ढेकूण वर येऊन हवा घेतात, फायसा गोगलगायीला फुप्फुस असते. या तिघांना पाण्यात प्राणवायू आहे की नाही याची फिकीर नाही. राहिला चतुर. आपल्या शहरांतल्या गटारवजा पाण्यावर जो नारिंगी पंखांचा चतुर सर्रास दिसतो, त्याचे शास्त्रीय नावच ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा, आणि तो घाण पाण्यात खुशाल वाढतो. तरी कुळ लिबेल्युलिडी म्हणून ब्रिटिश यादीत त्याला ८ गुण. हे चार वगळले तर उरतात १३ गुण आणि चार कुळे, सरासरी ३.२५, म्हणजे तीव्र प्रदूषण. ट्रे एकच, निष्कर्ष दोन. थंड पाण्यासाठी बेतलेले माप दख्खनच्या ओढ्याला असे सैल बसते.

त्यामुळे माझे मत असे की, गुण काढावेत, पण निर्णय त्यांवर ठेवू नये. त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाला, वस्ती सुरू होण्याआधी, तसाच दगडगोट्यांचा तळ आणि तशीच खोली असलेली जागा निवडा आणि तिथे जे सापडते त्यातले खाली काय काय नाहीसे झाले ते मांडा. कुठल्याही कार्यालयात हे समजावून सांगायला सरासरीची गरज भासत नाही.

सुतारवाडीकर:

आपणा दोघांचे मनापासून आभार. त्या ९ मिलिग्रॅमचा उलगडा झाल्याने मोठे ओझे उतरले. पहाटेचे मोजमाप आम्ही नक्की करू. वरच्या अंगाची जागा निवडण्यात मात्र एक अडचण दिसते. भूगावच्या वर ओढा फेब्रुवारी-मार्चमध्ये आटतो, केवळ डबकी उरतात. आमच्याकडे मात्र तो बारमाही वाहतो, आणि हे बारमाही पाणी बहुतांशी घराघरांतून आलेले सांडपाणी आहे हे आम्हाला ठाऊक आहे. अशा दोन जागांची तुलना न्याय्य ठरेल का? शिवाय मध्ये पाषाणचा तलाव आहे आणि त्याच्या खाली काही ठिकाणी दोन्ही काठांना काँक्रीटच्या भिंती घातल्या आहेत.

खळाळ:

जलपरीक्षकांचा आक्षेप मला मान्य आहे. कोष्टक मी आरंभाची पायरी म्हणून सांगितले होते, पण पृष्ठभागावरून हवा घेणारे जीव वेगळे मांडावेत ही गोष्ट मी तेव्हाच लिहायला हवी होती. वहीत त्यांचा रकानाच निराळा ठेवावा.

सुतारवाडीकर, आपली शंका अगदी मर्मावर बोट ठेवणारी आहे. आटणाऱ्या ओढ्यात ज्या जीवांचा जीवनक्रम लांब असतो, विशेषतः मोठ्या स्टोनफ्लाय, ते स्वच्छ पाण्यातही नसू शकतात. म्हणून त्यांची अनुपस्थिती प्रदूषणाच्या खात्यावर टाकता येत नाही. यावर उपाय म्हणजे दोन्ही जागा वाहत्या असतानाच तुलना करणे. पावसाळ्यात उतरू नये, एक तर जिवाला धोका आणि दुसरे म्हणजे प्रत्येक पुराबरोबर तळ धुऊन निघालेला असतो. शेवटच्या मोठ्या पुरानंतर तीन-चार आठवडे जाऊ द्यावेत, म्हणजे वस्ती पुन्हा बसते. नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारी हा काळ राम नदीसारख्या ओढ्यांना योग्य. दरवर्षी त्याच पंधरवड्यात नमुना घेतला तर वर्षांची तुलनाही करता येईल. तलावाच्या सांडव्याच्या अगदी खाली नमुना घेऊ नका. तलावातून वाहत आलेल्या सूक्ष्म अन्नावर जगणारे, गाळून खाणारे जीव तिथे दाटीने राहतात आणि चित्र फसवे दिसते.

काँक्रीटचा प्रश्न मला सर्वांत अधिक अस्वस्थ करतो. २००५ साली शहरी ओढ्यांत जगभर आढळणाऱ्या एकसारख्या बिघाडाला संशोधकांनी एक समान नाव दिले आणि त्याची लक्षणे सांगितली: पाऊस पडताच झर्रकन चढणारा आणि तसाच उतरणारा पूर, वाढलेले पोषकद्रव्य, बदललेले पात्र आणि सोशिक जीवांपुरती उरलेली जीवसृष्टी. छपरे, रस्ते, वाहनतळ यांवरचे पाणी जमिनीत मुरत नाही, थेट ओढ्यात येते आणि तळच खरवडून नेते. म्हणजे उद्या सांडपाणी पूर्ण बंद झाले, तरी दगडाखालची फट नाही, काठची मुळे नाहीत, तर कॅडिसची अळी राहणार कुठे? त्यासाठी प्रत्येक जागी तळात दगड किती, वाळू किती, गाळ किती, काठ मोकळा की बांधलेला, सावली किती हे नमुन्याबरोबर लिहून ठेवा. पंख फुटलेल्या माद्या अंडी घालायला प्रवाहाच्या वरच्या दिशेने उडतात, आणि डांबरी रस्त्यावरून परावर्तित होणारा ध्रुवित प्रकाश पाण्यासारखा भासल्याने मेफ्लाय रस्त्यावरच अंडी घालताना युरोपात नोंदल्या गेल्या आहेत. शहर पाण्याबाहेरही त्यांची वाट अडवते.

दोन गोष्टी खास आपल्याकडच्या. डासांसाठी ओढ्यात सोडलेले गप्पी मासे इतर बारीक जीवही खातात, तेव्हा ट्रेमध्ये गप्पी आले तर संख्या लिहा. आणि डासांच्या अळ्या मारण्यासाठी टेमेफॉससारखे औषध अलीकडे टाकले होते का, याची तारीख स्थानिक आरोग्य कर्मचाऱ्यांकडून विचारून घ्या. त्या औषधाला मेफ्लायची आणि डासाची अळी यांतला फरक कळत नाही.

टेम्सकाठची मराठी:

नमस्कार. मी मूळची कोल्हापूरची, सध्या इंग्लंडमध्ये राहते आणि इथल्या रिव्हरफ्लाय उपक्रमात दर महिन्याला एका ठरलेल्या जागी नमुना घेणारी स्वयंसेवक आहे. या चर्चेत दोन गोष्टींची भर घालावीशी वाटते.

पहिली अशी की, आम्हाला सगळी कुळे ओळखायला सांगतच नाहीत. फक्त आठ गट शिकवतात: घर बांधणारे कॅडिस, घर नसलेले कॅडिस, मेफ्लायचे चार गट, स्टोनफ्लाय आणि कोळंबीसारखा दिसणारा गॅमॅरस. संख्याही नेमकी मोजत बसत नाही. ९ पर्यंत, ९९ पर्यंत, ९९९ पर्यंत आणि त्यापुढे अशा चार टप्प्यांत नोंद करतो. प्रत्येक जागेसाठी एक किमान पातळी आधीच ठरवलेली असते. एखाद्या महिन्यात बेरीज तिच्या खाली गेली, तर पुन्हा खात्री करून त्याच दिवशी पर्यावरण विभागाला कळवतो. एका दिवसाच्या प्रशिक्षणावर आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळे हे काम करतात. गॅमॅरस तुमच्याकडे नसेल आणि आठ गट तुमचे तुम्हालाच ठरवावे लागतील, पण थोडे गट आणि नेमाने नोंद हे तत्त्व कुठेही चालावे. दक्षिण आफ्रिकेत मिनीसास नावाची तेरा गटांची अशीच पद्धत शाळांमधून वापरतात, आणि हवामानाच्या दृष्टीने ती कदाचित तुम्हाला आमच्याहून जवळची वाटेल.

दुसरी गोष्ट इथल्या केनेट नदीची. २०१३ च्या जुलैमध्ये मार्लबरो गावाच्या खाली स्वयंसेवकांना नेहमीच्या नमुन्यात गॅमॅरस आणि इतर कीटक मेलेले आढळले. पाणी दिसायला नितळ होते, मासे पोहत होते. तपासात क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक सांडपाणी केंद्रातून नदीत गेल्याचे निष्पन्न झाले आणि सुमारे १५ किलोमीटरचा पट्टा बाधित झाला होता. एवढे सगळे घडायला औषधाचे प्रमाण अगदी अल्प पुरले. नमुना घेणारे तिथे नियमित जात नसते, तर ते औषध वाहून गेल्यावर पाण्याच्या बाटलीत काहीच सापडले नसते. भारतात हेच क्लोरपायरिफॉस इमारतींच्या पायात वाळवीसाठी फवारत असल्याचे मी माहेरी घर बांधताना पाहिले आहे, आणि बावधन-बाणेरकडची बांधकामे आठवली की मला त्याची काळजी वाटते.

सुतारवाडीकर:

ताई, केनेटचा अनुभव आमच्या सर्व सभासदांना वाचून दाखवला. आम्ही असे ठरवले आहे की, नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी तीन जागी उतरायचे: एक भूगावच्या वर, एक बावधनमध्ये आणि एक तलावाच्या बरेच खाली, जिथे काठ अजून मातीचा आहे. आदल्या पहाटे पाच वाजता तिन्ही ठिकाणी प्राणवायू मोजायचा. काँक्रीटचा भाग या वर्षी सोडून दिला आहे. उरलेली एकच शंका: सांडपाणी असलेल्या जागी उतरताना काय काळजी घ्यावी, आणि घरी नेलेला नमुना किती दिवस टिकतो?

जलपरीक्षक:

गुडघ्याच्या वर पाणी असेल तिथे उतरू नका. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि गमबूट घाला, हातापायाला जखम असलेल्याला काठावर नोंदीचे काम द्या, कारण अशा पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. दोघांहून कमी माणसांनी उतरू नये. काम स्वच्छ जागेकडून घाण जागेकडे करा, म्हणजे जाळ्यावरून वरचा नमुना बिघडणार नाही, आणि शेवटी जाळे धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा. फायसासारखी परदेशातून आलेली गोगलगाय एका ओढ्यातून दुसऱ्यात अशाच जाळ्यांबरोबर जाऊ शकते.

खळाळ:

शक्यतो ओळख ट्रेमध्ये काठावरच करावी आणि जीव त्याच पाण्यात परत सोडावेत. ज्यांची ओळख पटली नाही असे प्रत्येकी दोन-तीनच ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. जीवांच्या अंगातले पाणी अल्कोहोल पातळ करते, म्हणून दुसऱ्या दिवशी ते एकदा बदलावे. मग नमुना वर्षानुवर्षे टिकतो. बाटलीच्या आत, शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घाला, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. त्या रविवारी मला सुट्टी आहे. आपली हरकत नसेल तर माझे चार विद्यार्थी घेऊन मी सकाळी भूगावच्या जागी येईन.

सुतारवाडीकर:

हरकत कसली, अवश्य यावे. सकाळी साडेसात वाजता आम्ही तिथे असू; ट्रे सहा आहेत, हातभिंगे तीनच आहेत, तेवढी शक्य झाल्यास सोबत आणावीत.